काका, पेपरात चित्रं आहेत का?

मंडळी, गेले चार महिने माझे रविवार कुठे जातात, हे घरातल्या बऱ्याच जणांनी विचारून झालं. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो.

आमच्या भागातल्या एका संस्थेने मुलांना कंपनीतला सर्व्हर सांभाळायला शिकवायचा वर्ग काढलाय. मुलं बहुतेक आयटीआय किंवा बारावी झालेली, बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरची. वर्गाच्या शेवटी परीक्षा आणि पास झालेल्याला प्रमाणपत्र. सरकारी मान्यता वगैरे काही नाही, पण एमआयडीसीतले चार कारखानदार ते कागद बघून मुलाला कामावर घ्यायला तयार आहेत, आणि इथे तेवढं पुष्कळ झालं. तर या परीक्षेत काय विचारायचं ते ठरवायला पाच जण नेमले, त्यातला मी एक. बैठका वांगणीला माझ्या घरी होतात, कारण इथे अंगण आहे आणि रविवारी कर्जतच्या गाडीत बसायला जागा मिळते.

(आत्याला अजूनही मी कॉम्प्युटर रिपेअर करतो असं वाटतं. आत्या, सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे सोसायटीत पाण्याचा पंप बघणारा माणूस असतो ना, तसं. नळाला पाणी येतंय तोवर तो कुणाला आठवत नाही.)

मला वाटलं होतं त्यापेक्षा हे काम फार अवघड निघालं. शिकवायचं काय हे ठरवणं सोपं, कारण शिकवताना एखादी गोष्ट जास्तीची झाली तर बिघडत नाही. परीक्षेत मात्र प्रत्येक प्रश्न म्हणजे एक फाटक असतं. ते लावलं की कोणीतरी बाहेर राहणार. मग ते फाटक तिथे का लावलं याचं उत्तर देता आलं पाहिजे.

जगात हे लोक कसं ठरवतात ते आधी वाचून काढलं. लायनक्सची सगळ्यात माहितीतली परीक्षा म्हणजे एलपीआयची. ही संस्था १९९९ साली कॅनडात स्थापन झाली. त्यांच्या पहिल्या पातळीच्या, म्हणजे एलपीआयसी-१ च्या दोन परीक्षा असतात, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक घटकाला एक वजन दिलेलं असतं आणि एका परीक्षेतल्या वजनांची बेरीज होते ६०. म्हणजे वजन ३ असेल तर साधारण तीन प्रश्न. यादी उघडून नुसती वजनं वाचत गेलं तरी करमणूक होते! डेबियनची पॅकेजं ३, रेडहॅटवाल्यांची पॅकेजं ३, कुणाचंच मन दुखवायला नको. व्हीआय हा एडिटर आमच्या पिढीने शिव्या घालत शिकला, त्याला ३. एकेकाळी या पातळीवर बॅकअपच्या धोरणावर स्वतंत्र घटक होता, २००९ च्या फेररचनेत तो निघाला. बॅकअपचं काम आता दुसऱ्या पातळीवर विचारतात. स्क्रीन रीडर, ब्रेल डिस्प्ले वगैरे ज्या घटकात येतात त्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ला वजन १. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला जास्त आवडली ती बीएसडीवाल्यांची रीत. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी वगैरे वापरणाऱ्या मंडळींनी २००५ साली आपली परीक्षा काढायची ठरवली तेव्हा पेपर काढण्याआधी कामाची पाहणी केली. म्हणजे जे लोक रोज ही यंत्रं सांभाळतात त्यांनाच विचारलं की बाबांनो, तुम्ही नेमकं काय काय करता, आणि त्यातलं नव्या माणसाला काय यायला हवं? त्यावरून उद्दिष्टं लिहिली आणि प्रत्यक्ष परीक्षा सुरू झाली २००८ ला. तीन वर्षं! आम्हाला चार महिन्यांत घाम फुटलाय.

आम्ही त्यांची नक्कल केली. आनंदनगर एमआयडीसीतल्या, बदलापूरच्या आणि उल्हासनगरच्या ओळखीच्या कारखान्यांत जी मुलं सर्व्हर बघतात त्यांना दोन आठवड्यांची रोजनिशी लिहायला सांगितलं. आल्या त्या वह्या वाचून आमच्यातले दोघं खट्टू झाले. पासवर्ड विसरले, प्रिंटर चालेना, डिस्क भरली, अकाउंटवाल्या मॅडमची फाईल 'गेली' (ती डेस्कटॉपवरच होती), शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली. पुन्हा प्रिंटर. ज्या गोष्टींवर आम्ही सुंदर सुंदर प्रश्न काढले होते त्यातली एकही वह्यांत नव्हती.

पण मग प्रिंटरला वजन १० द्यायचं का? इथे ही पाहणी दगा देते. जे रोज घडतं ते वहीत येतं. जे तीन वर्षांतून एकदा घडतं आणि कंपनी झोपवतं, ते दोन आठवड्यांत कसं येणार? लाईट जाणं घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघ्याच्या वाहिन्या ट्रिप होऊन मुंबई-ठाण्यात सकाळी जी वीज गेली, लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या, तो दिवस आठवतो? यूपीएस शिट्ट्या मारत असताना कुठलं यंत्र आधी बंद करायचं आणि कुठलं शेवटी, हे ज्या पोराला माहीत होतं त्याची संध्याकाळ बरी गेली. हा प्रश्न मी पेपरात घातला आणि त्याला वजन भरपूर मागून घेतलं.

बॅकअपचंही तेच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या एक सोडून चार-पाच सोयी होत्या. बघायला गेले तर एकही धड चालत नव्हती. बॅकअप होत नाहीये असं सांगणाऱ्या मेलसुद्धा वाटेतच अडत होत्या, म्हणून कुणाला पत्ता नाही. शेवटी सहा तासांपूर्वी कुणीतरी सहज हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. (हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय, मला त्याचं फार कौतुक आहे.) त्या माणसांना बॅकअप 'येत नव्हता' असं नाही. बॅकअपची आज्ञा कुठली, टारला कुठला पर्याय लावायचा, असले प्रश्न त्यांनी झोपेत सोडवले असते. म्हणून आमच्या प्रात्यक्षिकात बॅकअप घ्यायला सांगितलेलंच नाही. उमेदवारापुढे दोन बॅकअप ठेवायचे आणि म्हणायचं, परवाची ही फाईल परत आण. त्यातला एक बॅकअप सडका असेल. ते त्याने शोधून आम्हाला सांगायचं.

प्रात्यक्षिकाचा आग्रह माझा. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. फिटरच्या ट्रेड टेस्टमध्ये लोखंडाचे दोन तुकडे, कानस आणि ड्रॉइंग देतात. दिवसभर घासा आणि एक तुकडा दुसऱ्यात बसवून दाखवा. फट राहिली तर मार्क गेले. 'कानशीचे प्रकार किती' हेही विचारतात, नाही असं नाही, पण नोकरी मिळते ती त्या फटीवर. रेडहॅटच्या परीक्षेत १९९९ पासून हेच आहे, यंत्रावर बसून काम करून दाखवायचं. आणि त्यांची एक अट तर मला बाबांच्या गेजसारखीच वाटते: तुम्ही केलेलं सगळं यंत्र रीस्टार्ट झाल्यावरही टिकलं पाहिजे. आत्ता चालतंय पण लाईट गेली की विसरलं, असलं काम शून्य. ही अट आम्ही जशीच्या तशी उचलली. त्याच रेडहॅटने २०१९ मध्ये आपली वरची परीक्षा मोडून पुन्हा बांधली. वेबसर्व्हर, मेल, डीएनएस एकेक हाताने लावायचं काम काढलं आणि त्याऐवजी अन्सिबल वापरून पन्नास यंत्रं एकदम कशी लावायची ते आणलं. आमच्या समितीत यावर अर्धा रविवार गेला. मी म्हटलं, आपल्या मुलांकडे एकच यंत्र असणार आहे, तेही शिफारशीने मिळालेलं! विषय संपला.

मोबाईलचा विषय मात्र सहज संपला नाही. एक जण म्हणाले, हल्ली पोरं सगळं चॅटजीपीटीला विचारतात, कामावरही विचारणार, मग आपण पाठांतर कशाला तपासायचं? बरोबर आहे. यंत्रावरची मॅन पानं उघडायला आमच्याकडे परवानगी आहेच. पण फोन बाहेर. त्याऐवजी मी एक वेगळ्या जातीचा प्रश्न सुचवला. एक तयार आज्ञा छापून द्यायची, कुणीतरी 'ही मारा, सगळं ठीक होईल' असं सांगितलेली, आणि विचारायचं: एंटर दाबण्याआधी लिहा, याने काय काय होईल? सगळ्या फोल्डरना ७७७ परवानगी देणारी आज्ञा पहिल्या चाचणीत दिली होती. निम्म्या मुलांनी 'प्रॉब्लेम सुटेल' असं लिहिलं. सुटेल हो, कायमचाच :)

नीतीवर प्रश्न हवा असंही निघालं होतं. मालकाच्या मुलाने सांगितलं की अकाउंटंटची मेल उघडून दे, तर काय कराल? चार पर्यायांत बरोबर उत्तर कुणीही ओळखतो, आणि उघडणारा उघडतो. काढून टाकला.

आता वांगणीबद्दल. बाहेरच्यांना आमचं गाव माहीत असतं ते २०२१ च्या एप्रिलमधल्या त्या व्हिडिओमुळे. अंध आईचा हात सुटून मूल रुळांवर पडलं आणि पॉइंट्समन मयूर शेळके समोरून येणाऱ्या गाडीकडे धावले. ती आई इथे अपवाद नाही. स्वस्त भाडी आणि लोकल यामुळे कितीतरी अंध कुटुंबं वांगणीत येऊन राहिली आहेत. बरेच जण गाड्यांतून किरकोळ वस्तू विकतात. संध्याकाळी स्टेशनबाहेर पांढऱ्या काठ्यांचा टकटक आवाज इथे कुणाला वेगळा वाटत नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा त्यांच्यातला. बीए झालाय. जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर घालून स्वतःच लायनक्स शिकला. स्क्रीन रीडर पडद्यावरचं वाचून दाखवतो, आणि याचा इतक्या वेगाने वाचतो की आपल्याला नुसता कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतो. तो वर्गाला बसायला लागला आणि एका रविवारी फाटकाशी उभा राहून म्हणाला, "काका, पेपरात चित्रं आहेत का?"

चित्रं होती. भरपूर होती. आमच्यातल्या एकांनी पडद्याचे फोटो काढून 'यात कुठल्या चौकटीत टिक करायची' छापाचे प्रश्न ढिगाने बनवले होते, कारण ते बनवायला पाच मिनिटं लागतात. कनेक्टरचे फोटो होते. स्विचवरचे दिवे होते.

समितीत पहिली सूचना आली ती लेखनिकाची. सरकारी नियम आहेत, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा द्यायला सांगितलं होतं. वेळ देऊच, त्यात प्रश्न नाही. पण प्रात्यक्षिकात लेखनिक काय करणार? त्याने की-बोर्ड चालवला तर परीक्षा लेखनिकाची झाली! मुलाला लेखनिक नकोच होता. त्याला त्याचा स्क्रीन रीडर, त्याचा वेग आणि कानाला लावायला हेडफोन हवा होता. दुसरी सूचना आली, त्याच्यापुरते चित्रांचे प्रश्न सोडून देऊ. हे मला अजिबात पटलं नाही. मग त्याच्या प्रमाणपत्राकडे कारखानदार कसा बघेल? म्हणेल, याला सवलतीत दिलंय.

मी म्हटलं, सवलत बाजूला ठेवा. प्रत्येक चित्र काढून बघू या, त्याच्याशिवाय प्रश्न उभा राहतो का. बसलो. बहुतेक चित्रांच्या जागी पडद्यावरचा मजकूर अक्षरांत छापला तरी काही बिघडत नव्हतं. उलट प्रश्न सुधारला, कारण सर्व्हरवर जे काम करायचं ते दुसऱ्या यंत्रावरून अक्षरांतच करायचं असतं, तिथे टिक करायच्या चौकटी नसतात. ते चौकटींचे प्रश्न डोळस मुलांसाठीही भिकारच होते, पण डोळस मुलांनी तक्रार केली नसती. एलपीआयच्या यादीत वजन १ वाचताना अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणजे आपण दुसऱ्यासाठी करून द्यायची सोय असं चित्र उभं राहतं. यादीत बसणारा माणूसच तो स्क्रीन रीडर वापरत असेल, हे त्या एकात कुठे बसवायचं?

अडलं दोन ठिकाणी. एक, स्विचवरचे दिवे. इथल्या कारखान्यांत साधे, स्वस्त स्विच असतात. त्यांना दुरून काही विचारता येत नाही, दिवाच बघावा लागतो. हे काम खरं आहे, खोटं नाही. आम्ही त्या मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "दिवा बघायला वॉचमन आहे. कुठला दिवा बघायचा ते मला माहीत पाहिजे."

मला २७ जुलै २०१९ चा शनिवार आठवला. उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये हजारभर माणसं घेऊन पाण्यात अडकली तो दिवस. मी घरात, गाड्या बंद, आणि अंबरनाथला ऑफिसात नेटवर्क बसलेलं. तिथे फक्त वॉचमन. फोनवर अर्धा तास त्याला विचारत होतो: वरून दुसरा डबा, त्यावर डावीकडून तिसरा दिवा, पेटलाय, विझलाय की लुकलुकतोय? आता शेजारची वायर काढून पुन्हा लाव. तिसऱ्या वायरीला नेटवर्क उठलं. त्या दिवशी ते दिवे मलाही दिसत नव्हते. म्हणून प्रश्न असा लिहिला: स्विचपुढे एक अडाणी पण आज्ञाधारक माणूस फोनवर आहे. त्याला कुठले प्रश्न, कुठल्या क्रमाने विचाराल? परीक्षक वॉचमन होऊन उत्तरं देईल. पहिल्या चाचणीत सगळ्यात जास्त विकेट या प्रश्नाने घेतल्या, सगळ्या डोळसांच्या.

दुसरं अडलं ते क्रिंपिंग. नेटवर्कच्या वायरीच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा. आत आठ तारा, क्रम ठरलेला: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. रंग दिसल्याशिवाय होणार नाही. आमच्यातले एक उल्हासनगरला केबलिंगचा धंदा करतात, ते उसळले. ज्याला वायर मारता येत नाही तो कसला अ‍ॅडमिन? त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. छोट्या जागी एकच माणूस सगळं करतो, आणि 'हे माझं काम नाही' म्हणणारा तिथे टिकत नाही. पण वह्या पुन्हा काढल्या. वायर मारल्याची नोंद एकाच वहीत, तीही बाहेरून माणूस बोलावला अशी. तयार वायरी बाजारात मिळतात. त्या मुलाची दया येऊन क्रिंपिंग काढायला मी तयार नव्हतो, आणि वायर मारता न आल्याने त्या चार कारखान्यांत काय बुडतं हे कुणी दाखवलं असतं तर ठेवायलाही तयार होतो. मतं पडली, तीन विरुद्ध दोन. क्रिंपिंग मुख्य परीक्षेतून गेलं, ज्याला हवं त्याने वेगळी केबलिंगची परीक्षा द्यावी. उल्हासनगरकर म्हणाले, "काढा, काढा. वायर मारायला मलाच बोलावणार ना? बिल बघा मग."

राहिलं ते पासाचं. पस्तीस ठेवा, चाळीस ठेवा, असं चाललं होतं. यालाही एक रीत आहे, विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाते, १९७१ पासूनची. प्रत्येक परीक्षकाने उंबरठ्यावरचा उमेदवार डोळ्यांपुढे आणायचा, म्हणजे ज्याला जेमतेम कामावर ठेवता येईल असा. अशा शंभरांपैकी किती जणांना हा प्रश्न येईल, तो आकडा प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचा. सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी काढली की पासाची रेघ मिळते. आम्ही केलं. वॉचमनच्या प्रश्नाला एकाने ८० लिहिलं, एकाने १५. त्यावरून पुन्हा चहा.

प्रश्न ऐकताना स्क्रीन रीडर कुठे अडखळतो ते आधी बघायला हवं, म्हणून पेपर एकदा त्या मुलाच्या लॅपटॉपवर चालवून बघू या असं ठरलं. त्याला बोलावलं तर दारातूनच परत फिरला. म्हणाला, "मी पेपर ऐकला तर परीक्षेला कसा बसू?" त्यामुळे आता त्याच्यासाठी त्याच घाटाचे, पण खोटे वीस प्रश्न बनवायचं काम माझ्याकडे आलंय. येता रविवारही गेला.